पहिल्या अंकाची दुरुस्ती

ही २०११ सालची गोष्ट. मी तेव्हा पासष्ट वर्षांची होते आणि दादा एकोणसत्तरचा. त्या वर्षी आमच्या इमारतीला लिफ्ट बसली, वहिनीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि दादानं त्याच्याजवळचा कॉमिकचा अंक ग्रेडिंगला पाठवला. लिफ्ट आणि डोळे यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, दोन्ही नीट चालले.

दादा आणि वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्यावर. माझे यजमान गेल्यानंतर मी मुद्दाम तिथे जागा घेतली होती. रोज चार वाजता मी खाली चहाला जायची. चहा दादाच ओतायचा. तिन्ही कप एका रेषेत ठेवायचा आणि एकात थेंबभर जास्त पडला तर चमच्यानं काढून दुसऱ्यात घालायचा. एकतीस वर्षं तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. बाजारात त्याला येताना पाहून लोक तराजू पुसायला घ्यायचे.

"खारू, तुझ्या कपात साखर जास्त आहे, ढवळू नकोस," असं तो रोज म्हणायचा. लहानपणी मी घरातल्या वस्तू उचलून कुठे कुठे लपवून ठेवायची, म्हणून मी खारूताई, आणि पुढे नुसतीच खारू. माझं खरं नाव वहिनीला लग्नानंतर दोन महिन्यांनी कळलं.

आता त्या अंकाबद्दल. दादा तेरा वर्षांचा होता तेव्हा 'खोल पाण्याचा कप्तान' नावाचं चित्रकथांचं मासिक निघालं. बत्तीस पानं, रंगीत कव्हर, दर महिन्याच्या पाच तारखेला. पितळी शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळाशी उतरणारा कप्तान आणि वरून त्याला हवा पोचवणारी त्याची म्हातारी मावशी. मला मावशी जास्त आवडायची. दादानं सलग दोन वर्षं शाळेत पायी जाऊन बसचे पैसे वाचवले आणि एकूण एक, चोवीस अंक घेतले. ते एका पत्र्याच्या पेटीत असायचे. माझा हात लागू द्यायचा नाही. मी अर्थातच लावायची.

आमचे बाबा बुकबाइंडर होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. लोखंडी प्रेस, कागद कापायचं मोठं मशीन, खळीचं भांडं, कापडाचे तागे. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांची पुस्तकं, वकिलांची मासिकं त्यांच्याकडे यायची. बोलणं कमी, काम चोख. दादाच्या पंधराव्या वाढदिवसाला त्यांनी त्याला भेट द्यायचं ठरवलं. पेटी उघडून अंक काढले आणि त्यांचा एक जाडजूड ग्रंथ बांधला. लाल कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, रेशमी फीत. आठवडाभर ते दुकानाचं दार आतून लावून घेत होते.

मासिकं बांधताना आधी कव्हरं आणि जाहिराती काढून टाकायच्या आणि शेवटी तिन्ही बाजूंनी कडा कापून सारख्या करायच्या, ही धंद्यातली रीत. वकिलांच्या मासिकांना ती अगदी योग्य. बाबांनी कप्तानालाही तीच लावली. रंगीत कव्हरं केराच्या टोपलीत गेली. कडा कापताना काही पानांवर कप्तानाच्या बोलण्यातली शेवटची अक्षरं गेली, आणि एका चित्रात तर मावशीचा हवा भरणारा हातच गेला.

दादानं ग्रंथ उघडला, चारदोन पानं उलटली आणि विचारलं, "कव्हरं कुठे आहेत?"

बाबा म्हणाले, "काढली. आता कसा सुबक दिसतो बघ."

दादा रडला नाही. त्यानं ग्रंथ टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापासून तो बाबांशी बोलायचा थांबला. मी मोजले होते, चौदा महिने. जेवायला एका पंगतीत बसायचे, पण पाण्याचा तांब्यासुद्धा तो आईला सांगून मागायचा. आई म्हणायची, "मी काय टपालखातं आहे का रे?" पण काही उपयोग नाही. दादाचा राग आरडाओरड्याचा नव्हता. तो माणूस बोलणंच बंद करायचा, आणि बंद केलं की ते किती दिवस, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं.

त्या ग्रंथात चोवीस नव्हे, तेवीसच अंक होते. पहिला अंक बाबांना सापडला नव्हता. तो चार दिवसांनी दादाला पेटीच्या तळाशी, खाली घातलेल्या कागदाखाली सापडला. कव्हरासकट, कडांसकट. तोच त्यानं पुढे चौपन्न वर्षं सांभाळला. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, बटर पेपरात, लोखंडी कपाटात. दर वाढदिवसाला तो हात धुऊन, कोरडे करून अंक बाहेर काढायचा, आम्हाला लांबून दाखवायचा आणि म्हणायचा, "बाबांचा हात न लागलेला हा एकच." वहिनी मान डोलवायची. मीही डोलवायची.

ग्रेडिंगचं खूळ माझ्या भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं काढलं. ती मातीची भांडी बनवते, दुसऱ्या शहरात राहते. ती म्हणाली, "बाबा, आता अशा अंकांची तपासणी करणारी कंपनी असते. ते दहापैकी गुण देतात, कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात, वर लेबल लावतात. नाहीतर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

'कोण विश्वास ठेवील' हे शब्द दादाला लागले. "करून टाकू," तो म्हणाला. "माझ्यामागे कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं थापा मारल्या."

अंक थेट पाठवता येत नव्हता, नेमलेल्या दुकानातून पाठवावा लागे. एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. दादाचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता, सही कशीबशी व्हायची, म्हणून फॉर्म लिहायला मी. दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना खोक्यांची रांग, काचेच्या कपाटात छोटे पुतळे, आणि नव्या प्लॅस्टिकचा वास. दुकानदार चाळिशीचा, लांब केसांची वेणी घातलेला. वहिनीनं नंतर त्याचं नाव वेणीवाला ठेवलं.

"या काका, बसा. मावशी, तुम्ही पण बसा," तो म्हणाला. खुर्ची एकच होती.

"मी नुसता यांचा हात आहे, मला उभं चालतं," मी म्हटलं.

दादानं पुठ्ठे सोडले. वेणीवाल्यानं हातमोजे घातले, अंक काचेवर ठेवला आणि वाकून एकेक कोपरा बघितला. मग हळूच म्हणाला, "काका, इतका चांगला मी दुसरा पाहिलेला नाही."

दादाचे कान लाल झाले. खूश झाला की त्याचे कान लाल व्हायचे.

फॉर्मच्या तीन प्रती होत्या, मध्ये कार्बन. नाव, वर्ष, अंक क्रमांक मी भराभर लिहिलं. सातवा रकाना 'घोषित किंमत' असा होता.

"इथे काका दोन हजार टाका," वेणीवाला म्हणाला.

"याची किंमत दोन हजार आहे?"

"छे हो! कितीतरी जास्त आहे. पण तपासणीची फी या आकड्यावर ठरते. दोन हजारांच्या आत असलं की सगळ्यात कमी."

"आणि वाटेत हरवला तर?"

"जितकं लिहिलं असेल तितकंच मिळणार. पण हरवत नाही हो. सगळेच कमी टाकतात."

"'सगळेच' हे मी एकतीस वर्षं ऐकलं आहे," दादा म्हणाला. "ज्यांच्या मापाला खालून मेण लावलेलं सापडायचं, ते पण हेच म्हणायचे. जी आहे ती लिहायची."

त्यानं खिशातून वही काढली. नऊ वर्षांत या अंकाच्या प्रती कुठे कुठे कितीला गेल्या याची नोंद होती, अकरा विक्र्या. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून त्यानं सरासरी काढली होती आणि खालच्या कोपऱ्याला बारीक घडी होती म्हणून काही वजा केलं होतं.

"आठ हजार सहाशे. लिही, खारू."

"नऊ करा की सरळ," वेणीवाला म्हणाला.

"सरळ आठ हजार सहाशेच आहे," दादा म्हणाला.

मी लिहिलं. मग पुढचे रकाने, आणि मग अकरावा. तुमच्या माहितीप्रमाणे या प्रतीची पूर्वी काही दुरुस्ती झाली आहे का? असल्यास कोणती, कोणी केली?

"नाही," दादा म्हणाला.

माझं पेन थांबलं.

"काय गं? शाई संपली?"

"नाही."

"मग लिही ना. नाही. स्वच्छ अक्षरात लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. त्याखाली दादानं दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. वेणीवाल्यानं तिसरी प्रत आम्हाला दिली आणि पार्सल गुरुवारी निघेल असं सांगितलं.

ते 'नाही' खोटं होतं, आणि त्या दुकानात ते मला एकटीला माहीत होतं.

पहिला अंक बाबांना सापडला नाही, कारण तो पेटीत नव्हताच. मी त्याच्या आठवडाभर आधी तो उचलून माझ्या गादीखाली ठेवला होता, मावशीची चित्रं बघायला. ग्रंथावरून घरात ते सगळं घडलं तेव्हा मी अकरा वर्षांची. आता शोधाशोध होईल या भीतीनं दुसऱ्या दिवशी मी अंक घाईनं ओढून काढला, आणि खाटेचा एक खिळा वर आला होता त्यात तो अडकला. कव्हर कण्यापासून अर्ध्यापर्यंत फाटलं. आतली दोन पानं पण. जिथे कप्तानाच्या शिरस्त्राणाची पितळी कड होती तिथे रंगाचा एक टवकाच उडाला.

बाबा बाहेर गेले होते. मी दुकानात शिरले, डिंकाची बाटली घेतली आणि कव्हराच्या आतून डिंक फासला. कागद लगेच सुरकुतला. मी तो बोटानं दाबत बसले होते, तेवढ्यात बाबा परत आले.

ते ओरडले नाहीत. चष्मा लावला, अंक हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "डिंकानं कुणी करतं का हे?"

मी रडायला लागले. "दादा माझ्याशी पण बोलणार नाही."

बाबा खूप वेळ अंकाकडे बघत राहिले. त्यांना तो आत्ताच सापडत होता, म्हणजे एक तरी वाचला होता हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार. मग त्यांनी दुकानाचं दार लावलं.

ते काम तीन दुपारी चाललं. दादा शाळेत असायचा त्या वेळात. पाण्याच्या वाफेवर धरून त्यांनी माझा डिंक निघेल तेवढा काढला. पातळ खळ केली, इतकी पातळ की मला ती दुधाचं पाणी वाटली. जुन्या दस्तऐवजांसाठी ठेवलेला झिरझिरीत कागद त्यांनी कातरीनं न कापता हातानं तंतू सोडवत फाडला आणि फाटीच्या आतून बसवला. कण्यालाही आतून तसाच. गंजलेल्या दोन पिना सोडवून, घासून, पुन्हा त्याच भोकांतून घातल्या. उडालेल्या टवक्यावर, पुस्तकांच्या कडा रंगवायचे रंग होते त्यातला पिवळा आणि तपकिरी मिसळून, तीन केसांच्या कुंचल्यानं ठिपके दिले. प्रेसमध्ये रात्रभर ठेवून काढला तेव्हा फाट कुठे होती ते मलाही दाखवता येईना.

"पेटीत ठेव. तळाच्या कागदाखाली," बाबा म्हणाले. "आणि त्याला सांगू नकोस. माझा हात याला लागला नाही असं त्याला वाटू दे."

मी पुढे वाचनालयाच्या दुरुस्ती विभागात चौतीस वर्षं काढली. फाटलेली पुस्तकं सांधणं हेच माझं काम होतं, आणि त्यातलं निम्मं मी त्या तीन दुपारी शिकले होते. त्यामुळे मला हेही माहीत होतं की असं काम डोळ्याला दिसलं नाही तरी योग्य दिव्याखाली दिसतं.

सोमवारी सकाळी मी एकटीच बसनं वेणीवाल्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यानं अंक काढला, एक छोटा जांभळा दिवा लावून वर धरला. कण्याजवळ फिकट निळसर रेघ उजळली, झाडाच्या मुळासारखी.

"बाप रे," तो म्हणाला. "मला परवा दिसलं पण नाही. कुणी केलंय हे?"

"आमच्या वडिलांनी. हे त्यांना सापडेल?"

"दोन मिनिटांत. मग लेबलचा रंग बदलतो, दुरुस्त केलेली प्रत म्हणून. किंमत चौथाईवर येते."

"आणि फॉर्मवर नाही लिहिलंय त्याचं काय?"

"काही नाही होत, मावशी. निम्म्या लोकांना माहीतच नसतं. कुणी तुरुंगात नाही टाकत."

"मग तुम्ही ते बदला. मी सांगते ना."

"सही काकांची आहे. बदलायचं तर तेच बदलणार." त्यानं दिवा बंद केला. "गुरुवारपर्यंत वेळ आहे."

बसमध्ये परत येताना मी हिशेब करत होते. गप्प बसले तर काय, दोन महिन्यांनी अंक परत येणार, लेबल वेगळ्या रंगाचं, आणि दादाला वाटणार की कंपनीची चूक. किंवा समजणार. समजलं तर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोट्या गोष्टीवर सही केली, आणि ती खोटी गोष्ट माझ्या सुवाच्य अक्षरात होती. सांगितलं तर तो बोलायचा बंद होणार. बाबांच्या वेळी तो पंधराचा होता, चौदा महिने परवडले. एकोणसत्तर आणि पासष्ट या वयांत चौदा महिने कुणाजवळ असतात? मला यजमान नव्हते, मूलबाळ नव्हतं. रोज चार वाजता तीन कप एका रेषेत ठेवणारा एक भाऊ होता.

मंगळवारी चहा ओतून झाल्यावर मी म्हटलं, "दादा, तो फॉर्म चुकला आहे."

"कुठला आकडा?"

"आकडा नाही. अकरावा रकाना."

वहिनीनं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. दादानं कप खाली ठेवला. आणि मग त्यानं मला, बाजारात विचारायचा तसे, एकामागून एक प्रश्न विचारले.

"केव्हाची दुरुस्ती?"

"सत्तावन्नची. ग्रंथानंतर लगेच."

"फाडला कुणी?"

"मी. खाटेच्या खिळ्यानं."

"आणि दुरुस्त?"

मला ते नाव घ्यायला जड गेलं. "बाबांनी."

मी सगळं सांगितलं, खळ, कागद, रंग, पिना, बाबा काय म्हणाले ते. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दर वर्षी मी तो दाखवायचो आणि तू मान डोलवायचीस."

"हो."

"चौपन्न वेळा."

"मध्ये दोन वर्षं मी बाळंतपणाला... नाही, ते टिकलं नाही, दवाखान्यात होते. बावन्न वेळा."

हे मी का सांगितलं मला माहीत नाही. त्याला अचूक आकडे आवडतात म्हणून असेल. तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. त्याचा चहा तसाच राहिला.

बुधवारी तो एकटाच बाहेर पडला. दुपारी वहिनी वर आली आणि तिनं फॉर्मची नवी तिसरी प्रत माझ्यापुढे धरली. "गुपचूप आणली आहे, वाच आणि दे." अख्खा फॉर्म त्यानं स्वतःच्या हातानं पुन्हा भरला होता. अक्षरं अशी वाकडीतिकडी, की एकेका ओळीला त्याला किती वेळ लागला असेल. घोषित किंमत: दोन हजार एकशे पन्नास. बरोबर चौथाई. अकराव्या रकान्यात: हो. कण्याला व कव्हराला आतून कागद, रंग, पिना. वडिलांनी केली. धंद्यानं बुकबाइंडर.

"बोलला काही?" मी विचारलं.

"बोलले ना. 'जेवायला वाढ' म्हणाले," वहिनी म्हणाली. "मला उगाच हसवू नकोस, माझे टाके दुखतात."

त्यानंतर अकरा आठवडे दादा माझ्याशी बोलला नाही. चार वाजता मी खाली जायचं सोडलं नाही. तोही चहा ओतायचा, तीन कपच ओतायचा, एका रेषेत. पण साखरेबद्दल काही म्हणायचा नाही.

"हिला सांग, वर नळ गळतोय, आमच्या छताला ओल आली आहे," तो वहिनीला सांगायचा.

"अहो, ती इथे तुमच्या कोपराला लागून बसली आहे. तुम्हीच सांगा की."

"तू सांग."

"ऐकलंस गं? नळ."

"ह्याला सांग, प्लंबरला फोन केला आहे."

"मी सासूबाईंसारखी टपालखातं झाले," वहिनी म्हणायची. "त्यांना निदान दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं."

अकराव्या आठवड्याच्या शुक्रवारी, चार वाजायच्या आधीच, जिन्यातून हाक आली.

"खारू! खाली ये."

मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरले. टेबलावर खोकं उघडं होतं आणि त्यातून काढलेली कडक पारदर्शक डबी दादासमोर होती. आत अंक. वर जांभळं लेबल, त्यावर साडेसहा हा आकडा आणि 'दुरुस्त केलेली प्रत'. सोबत तपासणाऱ्याची टिपणं होती, एक पानभर. दादानं भिंग लावून ती वाचायला घेतली होती. त्यानं कागद माझ्याकडे सरकवला आणि बोट ठेवलं.

तिथे लिहिलं होतं: कव्हर व दोन आतील पानांवरील फाटी सांधलेल्या. कणा आतून मजबूत केलेला. पिना स्वच्छ करून पुन्हा बसवलेल्या. कव्हरवर रंगाचा अल्प स्पर्श. कामाचा दर्जा: व्यावसायिक, उत्कृष्ट.

मी ते दोनदा वाचलं. जिथे कुणी आम्हाला ओळखत नाही अशा ठिकाणी, नाव-गाव माहीत नसलेल्या कुणीतरी दिव्याखाली धरून बाबांचं काम तपासलं होतं.

"पास झाले," दादा म्हणाला. त्याचे कान लाल होते.

मग त्याचं बोट खालच्या ओळीवर गेलं. "आणि हे वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. "कव्हराच्या आतील बाजूस डिंकाचे अवशेष. कामाचा दर्जा: हौशी."

"हौशी," दादा म्हणाला. "चौतीस वर्षं वाचनालयात नोकरी केली बाईंनी. पेन्शन घेतात. हौशी!"

"अकरा वर्षांची होते मी!"

"वय विचारलेलं नाही त्यांनी. काम बघितलं. एक नापास, एक पास."

वहिनी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. दादानं तीन कप मांडले, ओतले आणि म्हणाला, "ढवळू नकोस. साखर जास्त आहे."

चहा झाल्यावर तो डबी उलटीपालटी करत बसला. ती सीलबंद असते, उघडली की गुण रद्द. "म्हणजे आता हा वाचता येणार नाही," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तो लाल ग्रंथ आईनं टाकला का गं?"

"नाही. माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. खारूच ना मी."

मी वर जाऊन तो घेऊन आले. त्यानं तो चौपन्न वर्षांनी हातात घेतला, तळहातावर तोलला, निरीक्षकाच्या सवयीनं. कडांवरून अंगठा फिरवला, फीत ओढून बघितली. मग दुसरा अंक उघडला आणि वहिनीला वाचून दाखवायला लागला, कारण तिला छापील अक्षरं अजून नीट दिसत नव्हती. जिथे कडेला अक्षरं कापली गेली होती तिथे तो न अडखळता वाचत गेला. त्याला ती पाठ होती.

पुढे रोज चहानंतर एक अंक, असे तेवीस दिवस झाले. नंतर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे दुसऱ्यापासून.

दादा २०१६ साली गेला, तीन दिवसांच्या आजारात. शेवटच्या दिवशी सलाइनची बाटली किती मिलिलिटरची आहे हे त्यानं नर्सला विचारलं होतं. वहिनी मुलीकडे राहते. डोळे अजून उत्तम आहेत, आता कान गेले. फोनवर मी ओरडते आणि ती म्हणते, "टपालखातं बंद झालं, पत्र लिही." वेणीवाल्यानं दुकान बंद केलं आणि केस कापले, तो आता एका कुरिअर कंपनीत आहे. पार्सलं हरवत नाहीत असं तो हल्ली म्हणत नाही.

डबी भाचीकडे आहे, तिच्या कामाच्या खोलीत, भट्टीपासून लांबच्या फळीवर. मागच्या वर्षी तिनं घरातल्या सामानाचा विमा उतरवला तेव्हा मला फोन केला. "आत्या, अंकाची किंमत किती लिहू? आता बरीच वाढली आहे म्हणतात."

"चौकशी कर आणि जी आहे ती लिही," मी म्हटलं. "नऊ हजार निघाले तर नऊ, आठ हजार सहाशे निघाले तर आठ हजार सहाशे."

लाल ग्रंथ माझ्याकडे आहे. मी आता अठ्ठ्याहत्तरची आहे आणि चार वाजता एक कप करते. ग्रंथाची पाठ एवढ्यात दोनदा सैल झाली, दोन्ही वेळा मी ती पातळ खळ करून नीट बसवली. डिंक मी घरात ठेवत नाही.